दुसरी बाही

"उसवून टाका तो स्वेटर, लोकर तरी वाया जायची नाही," असं दादा फोनवर म्हणाला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो लांब राहतो, तिथून सल्ले देतो, आणि सल्ला देऊन झाला की आपलं कर्तव्य संपलं असं समजून निवांत जेवायला बसतो. मी त्याला चार शब्द सुनावले आणि फोन ठेवला. नंतर थोडं वाईट वाटलं, पण फार नाही.

स्वेटर बाबांचा होता. पाठ झाली होती, पुढचे दोन्ही भाग झाले होते, एक बाही झाली होती, आणि दुसरी बाही सुईवर चढायच्या आत बाबा गेले. आईने सगळे तुकडे एका उशीच्या अभ्र्यात घातले, वर सुया खोचल्या आणि अभ्रा कपाटात ठेवून दिला. तेव्हापासून ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसून असायची, हात मांडीवर. उभ्या जन्मात मी तिचे हात असे रिकामे पाहिले नव्हते. बातम्या ऐकताना, भाजी शिजेपर्यंत, पाहुण्यांशी बोलताना, एवढंच काय, डॉक्टरकडे नंबर लागेपर्यंतसुद्धा तिच्या सुया चालू असायच्या.

बरं, तिने काही हट्टाने सुया टाकल्या नव्हत्या. तिच्या दोन्ही डोळ्यांच्या नजरेत मधोमध एक करडा डाग येऊन बसला होता. कडेचं दिसत राहील, समोरचं जाईल, असं डॉक्टर सांगून मोकळे झाले होते. विणायला तिला डोळे लागत नव्हते, बोटांना सगळं कळायचं. पण नमुना कुणीतरी वाचून दाखवायला लागायचा, आणि ते काम बाबांचं. बाबा एक ओळ वाचायचे, आई ती विणायची, 'हं' म्हणायची, की बाबा पुढची ओळ. अख्खी संध्याकाळ दोघांचं हेच चालायचं. मधूनच कुणाचं तरी लग्न मोडल्याची किंवा नळाला पाणी न आल्याची चर्चा व्हायची आणि परत ओळ सुरू व्हायची. मी ऑफिसातून दमून यायचे आणि त्या 'तीन सुलट, दोन उलट' वर मला जेवता जेवता डुलकी लागायची. आता कुणी लाख रुपये दिले तरी ती डुलकी परत मिळायची नाही.

बाबा गेल्यावर आईने स्वतःसाठी एकच गोष्ट मागितली. "तेवढी बाही पुरी झाली की मी मोकळी," ती म्हणाली. मला त्यातलं 'मोकळी' मुळीच आवडलं नाही. पण बाही व्हायला हवी, हे पटलं. हात हलले तर बाई हलेल, असा माझा साधा हिशोब.

आधी मीच वाचून बघितलं. एक दुपारसुद्धा धड गेली नाही. मी भरभर वाचते, ती म्हणते दम धर. मी दम धरते, ती म्हणते आता वाच ना. मधे माझा ऑफिसचा फोन येतो, परत आल्यावर कुठली ओळ होती यावरून आमची जुंपते. मनगटाची पट्टीसुद्धा पुरी न होता दोघी दोन खोल्यांत जाऊन बसलो. तेव्हा मी ठरवलं की हे काम माणसाचं नाही, निदान माझ्यासारख्या माणसाचं तर नाहीच. मी अर्धं आयुष्य फाईली वाचणारे प्रोग्राम लिहिलेत. फाईल उघडायची, एक ओळ उचलायची, तिच्या शेवटी न दिसणारी खूण असते ती कापायची, ओळीचं जे काय करायचं ते करायचं, ती विसरायची आणि पुढची उचलायची. अशी टेलिफोन कंपनीची लाखो बिलं मी पर्ल नावाच्या संगणकाच्या भाषेत चाळून काढली आहेत. त्यापुढे एका स्वेटरची काय कथा?

शिवाय नमुना फाईलमध्येच होता, आणि ती फाईल बाबांची होती.

बाबा छापखान्यात कंपोझिटर होते. शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवायचे. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, त्यामुळे जुळवलेली ओळही उलटीच वाचायला लागते, आणि बाबांना ती आपण पाटी वाचतो तितक्या सहज वाचता यायची. त्या सवयीचे त्यांनी घरी भरपूर फायदे उपटले. शाळेत बाई माझं प्रगतिपुस्तक स्वतःकडे धरून बसायच्या, बाबा टेबलाच्या अलीकडून गुण वाचून घ्यायचे आणि बाईंनी तोंड उघडायच्या आत माझ्याकडे बघायचे. माझे तिथेच हातपाय गार. छापखाना बंद पडला तेव्हा मालकांनी निरोपाला एक जुना संगणक दिला. त्याचं काय करायचं हे बाबांना कळेना. मी तेव्हा नुकती नोकरीला लागले होते, शिंगं फुटली होती, मी त्यांना शिकवायला बसले.

ते दिवस आठवले की आजही मला हसू येतं. बाबा एका बोटाने टाईप करायचे, जीभ ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर. एंटर दाबायला सांगितलं की म्हणायचे, ओळ सोडू का? छापखान्यात तसंच म्हणत असतील. मी सांगायचे, सोडा. साध्या मजकुराची फाईल त्यांना फार आवडली. ठळक नाही, तिरपं नाही, रंग नाही. नुसती अक्षरं आणि ओळी. हे आपलं काम आहे, असं ते म्हणाले, आणि आईसाठी नमुने टाईप करायला लागले. कुठे एखादं चांगलं विणकाम दिसलं की टक लावून बघत बसायचे. एकदा बसमध्ये पुढच्या सीटवरच्या बाईच्या पाठीकडे ते इतका वेळ बघत राहिले की आईने त्यांना कोपर मारलं. घरी येऊन त्यांनी ती पाठ जशीच्या तशी उतरवून काढली. स्वेटरची एक ओळ म्हणजे फाईलची एक ओळ. सुलट टाक्याला 'सु', उलट टाक्याला 'उ'. शेवटी शेवटी स्वतः नमुने रचायचे. या स्वेटरचा नमुना त्यांचाच: एका देठावरची पानं, सगळी एका बाजूला कललेली, वाऱ्यात असतात तशी.

तर मी पायथनमध्ये प्रोग्राम लिहिला. मोठा काही नाही, पानभरसुद्धा नाही. फाईलमधली एक ओळ घेऊन तो 'सु सु सु उ उ' चं 'तीन सुलट, दोन उलट' करायचा, यांत्रिक आवाजात बोलायचा आणि थांबायचा. आईच्या पायाशी मी एक बटण बसवलं. ते दाबलं की पुढची ओळ. शेजारी आणखी एक लहान बटण, चुकून टाका सुटलाच तर मागची ओळ परत ऐकायला. आणि हो, कुठल्याही ओळीपासून सुरू करायची सोय मी ठेवली होती, कारण वीज काय सांगून जात नाही.

आईने बटण चपलेने दाबून बघितलं, मग चप्पल काढून दाबून बघितलं. आवाज ऐकून म्हणाली की या बाईला सर्दी झालीय. मी म्हटलं, ती बाई नाही, यंत्र आहे. मग यंत्राला सर्दी झालीय, आई म्हणाली. पण अभ्रा कपाटातून बाहेर आला, सुया बाहेर आल्या, आणि त्या दुपारी मनगटाची पट्टी सुरू झाली. एक सुलट एक उलट, एक सुलट एक उलट. प्रत्येक ओळ संपली की आई आधी 'हं' म्हणायची, मग आठवण होऊन बटण दाबायची. ते 'हं' ऐकून मी स्वयंपाकघरात जाऊन उगाचच भांडी आवरायला घेतली. पट्टी पुरी झाली, अगदी बरोबर झाली. मी दादाला फोटो पाठवला, खाली एक अक्षर लिहिलं नाही. त्याला काय समजायचं ते तो समजला असेल.

दुसऱ्या दिवशी पानं सुरू झाली आणि सगळं बिनसलं.

पहिली ओळ नीट गेली. दुसरी विणून झाल्यावर आईने बोटं फिरवली, कपाळाला आठी घातली आणि ओळ परत ऐकली. मग ती उसवली, पुन्हा विणली, पुन्हा उसवली. शेवटी म्हणाली की तुझं यंत्र जाताना बरोबर सांगतं आणि परत येताना वेड्यासारखं बोलतं. मी तरातरा उठून फाईल उघडली. यंत्र बोलत होतं तेच फाईलमध्ये होतं, अक्षर न् अक्षर. मी तसं सांगितलं. आई म्हणाली, तू लिहिताना काहीतरी घोळ केला असशील. मी म्हणाले, ओळ वाचायला घोळ कसला, ती आहे तशी वाचतेय. आई म्हणाली, याच नमुन्याची पहिली बाही ही बघ, ह्यांनी वाचली, मी विणली, एक टाका इकडचा तिकडे नाही. आणि मग मी जे बोलायला नको होतं ते बोलून बसले.

"मग बाबांची फाईलच चुकीची आहे."

आईने सुया एकात एक घातल्या, लोकर गुंडाळली आणि सगळं अभ्र्यात ठेवलं. भांडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती उठली आणि भिंतीला हात लावत लावत आत गेली. पुढचा आठवडाभर ती माझ्याशी जेवण-खाण, औषध-पाणी एवढंच बोलली. ती पुन्हा त्या खुर्चीत, हात पुन्हा मांडीवर. मी स्वतःला मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या की त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

फाईल चुकीची असणं शक्य नव्हतं, कारण पहिली बाही समोर होती. प्रोग्राम चुकीचा असणं शक्य नव्हतं, कारण तो मी लिहिला होता. (हसू नका, तेव्हा मला तसंच वाटत होतं.) ऑफिसात मी एका ओळीवर नजर लावून बसायचे. दुसरी ओळ, तिसरी ओळ, परत दुसरी. काही हाती लागेना. शेवटी कंटाळून मी अख्खा नमुना छापून घेतला आणि पान टेबलावर टाकून चहा आणायला गेले. परत येताना दारातूनच माझी नजर त्या पानावर पडली आणि कप हातात तसाच राहिला.

कागदावर पानं दिसत होती. 'सु' ची जमीन आणि तिच्यावर 'उ' ची पानं, देठासकट, सगळी एका बाजूला कललेली. ओळ-ओळ वाचताना हे दिसायचं कारणच नव्हतं. माझा प्रोग्राम काय, मी काय, आम्ही एका वेळी एकच ओळ बघणारे. बाबांनी मात्र स्वेटर समोरून दिसतो तसा उतरवला होता. आणि विणणारी बाई काही दर वेळी समोरून विणत नाही. एक ओळ ती समोरून विणते, सुई फिरवते आणि परतीची ओळ मागच्या अंगाने, दुसऱ्या टोकापासून विणते. मागून विणताना समोरचा सुलट टाका उलट घालायला लागतो आणि उलट टाका सुलट. म्हणजे परतीची प्रत्येक ओळ शेवटच्या टाक्यापासून पहिल्याकडे वाचायची, वर प्रत्येक टाका फिरवून सांगायचा. मनगटाच्या पट्टीत एकाआड एक टाका असल्यामुळे उलटून-फिरवूनही ओळ तीच यायची. म्हणून पट्टी तेवढी बरोबर झाली.

आणि बाबा हे तोंडी करत होते. रोज. मला त्यांचं बोट आठवलं. पडद्यावर एका ओळीला डावीकडून उजवीकडे जायचं, पुढच्या ओळीला उजवीकडून डावीकडे. मी कितीदा बघितलं होतं ते! छापखान्यातली खोड, असं म्हणून मी ताटातली भाजी संपवायचे. मला बाबांची इतकी आठवण आली की चहा टेबलावर ठेवून मी सरळ घरी निघाले.

आईला मी सगळं समजावून सांगितलं. पहिली बाही हातात देऊन बोटांनीच दाखवलं: ही समोरची बाजू बाबांनी लिहिली, ही मागची बाजू तू विणलीस, आणि मधलं सगळं त्यांच्या डोक्यात चालायचं. तिने बाही कितीतरी वेळ उलटसुलट चाचपली.

"परतीच्या ओळीला ते जरा अडखळायचे," ती म्हणाली. "मी म्हणायचे, झोप आली का तुम्हाला? मला वाटायचं, ते नुसते वाचतात."

मी प्रोग्राममध्ये दुरुस्ती केली. ओळीचा क्रमांक सम असला की ओळ शेवटाकडून वाचायची आणि टाके फिरवायचे. दोन-तीन ओळींचं काम. यंत्र त्या ओळी पाठीमागून घडाघडा म्हणायला लागलं, अडखळणं वगैरे काही नाही. आईने पहिली परतीची ओळ विणली, बोट फिरवलं, 'हं' म्हणाली आणि बटण दाबलं. माझा जीव भांड्यात पडला.

बाही वाढायला लागली. पान उमटलं, मग त्याच्यावरचं, मग त्याच्या वरचं. मी ऑफिसातून आले की जिन्यातच ते सर्दीचं यंत्र ऐकू यायचं. आई जेवायला लागली, माझ्या पोळ्यांना नावं ठेवायला लागली, दादाला फोन करून तो किती कमी फोन करतो हे ऐकवायला लागली. बाही कोपर ओलांडून वर गेली, काखेच्या जवळ आली. आता थोडंच राहिलं होतं.

आणि ते थोडंच राहिलं ते राहिलंच. आधी माझ्या लक्षात आलं नाही. यंत्र रोज बोलत होतं, आई रोज विणत होती, लोकरीचा गुंडा खुर्चीखाली गडगडत होता. पण एकदा सहज बाही माझ्या हाताला लावून बघितली, तर ती गेल्या आठवड्यात होती तेवढीच. नंतर बघितली तर आणखी आखूड. मी कान देऊन ऐकायला लागले, तर मागच्या ओळीचं लहान बटण सारखं दाबलं जात होतं. तीच ओळ, मग तिच्या मागची, मग तिच्याही मागची. डोळे गेले ते गेले, आता तिचं डोकंही साथ सोडतंय की काय? एवढं सरळ विणणारी बाई सारखी चुकतेय कशी? मी प्रोग्राम तपासला, फाईल तपासली, बटणं तपासली. सगळं ठणठणीत. मी दादाला सांगितलं, आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे सल्ला नव्हता. तो म्हणाला की डॉक्टरांना दाखवू या, मी येतो.

डॉक्टरांची वेळ घेतली त्या दुपारी मी लवकर घरी आले. यंत्र गप्प होतं. आई खुर्चीत बसली होती, बाही मांडीवर, सुई बाजूला. ती धागा ओढत होती आणि पान टाका टाका करून नाहीसं होत होतं. तिचा हात घाईत नव्हता. काही सापडत नाहीये किंवा गोंधळ उडालाय, असं तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. उसवलेली लोकर ती डाव्या हाताने नीट गुंडाळत होती. मी चपला न काढता तिच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि विचारलं, "आई, कुठे चुकलं?"

"चुकलं नाही गं," आई म्हणाली. "संपत आलं होतं."

मी तिथेच फरशीवर बसले आणि लहान मुलीसारखी रडले. आईने मला रडू दिलं. गप्प हो म्हणाली नाही, काय झालं म्हणून विचारलं नाही. एक हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि दुसऱ्याने धागा ओढत राहिली. बाबांचा हा शेवटचा नमुना होता. त्याच्यापुढे त्यांची एकही ओळ नव्हती, आणि हे त्या घरात सगळ्यात आधी तिला कळलं होतं.

बऱ्याच वेळाने मी नाक पुसलं, उठून संगणकापाशी गेले आणि डॉक्टरांची वेळ रद्द केली. बाही आता कोपरापर्यंत उतरली होती. मी विचारलं, कोपरापासून लावू का. आईने उरलेली बाही चाचपून बघितली, जराशी विचारात पडली.

"नको. मनगटापासूनच लाव," ती म्हणाली आणि सुटलेल्या लोकरीचं टोक माझ्यापुढे धरलं. "आणि हे गुंडाळायला घे. लोकर जरा पसरलीय."